खळ्यावरची हिरवळ

खळं म्हणजे काय ते आधी सांगून टाकते. नव्या शहरातल्या फ्लॅटवाल्यांना ते माहीत नसतं आणि साहेबलोकांना माहीत करून घ्यायचं नसतं. खाडीकाठची, शेणानं सारवलेली मोकळी जमीन. तिच्यावर बायका जवळा, करंदी असली बारीक मासळी पसरतात, वाळवून बाजारात नेतात. माझ्या आत्यानं, नवरा गेल्यावर, दोन पोरं त्या जमिनीवर वाढवली. तिच्या नावावर त्यातलं वीतभरही नव्हतं. कुणाच्याच नव्हतं. खळं गावाचं, एवढंच सगळ्यांना ठाऊक.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. शहर करावेच्या बाजूनं सरकत आमच्या वेशीला टेकलं होतं, आणि गावालगतच्या जमिनीचा आराखडा ठरायचा होता. आम्ही मोर्चा काढला, घोषणा दिल्या. पत्रकं मी लिहायचे, आणि चांगली लिहायचे. अंगठ्यांचे ठसे घेऊन निवेदनं दिली. ती कुणी वाचली नाहीत. शेवटी एका साहेबानं सल्ला दिला, तोही उपकार केल्यासारखा: "ताई, कागद आणू नका. गाव तुम्हाला कसं हवंय त्याचं चित्र आणा. वरच्यांना नकाशा कळत नाही. थ्रीडी आणा."

वाशीच्या एका तरुण आर्किटेक्टनं आमचा नकाशा फुकट काढून दिला होता. माणूस मनापासून आमचा. पण चित्र तो काढत नव्हता. त्याच्या धंद्यात कुणीच काढत नव्हतं. नकाशा फ्लॉपीत घालायचा आणि कॉम्प्युटरवर चित्रं बनवणाऱ्यांकडे धाडायचा, ते रंगवून पाठवतात. इमारत कुठे आहे, समोर खाडी आहे की गटार, हे बघायला त्यांच्यातलं कुणी जात नाही. जायचं कशाला? फ्लॉपीत सगळं असतं, म्हणे.

सगळं नव्हतं. नकाशात घरं होती, शाळा होती, होड्या लावायचा धक्का होता. खळ्यावर काही बांधायचंच नव्हतं, म्हणून तिथे बारीक रेघेचं कुंपण आणि आत कोरा कागद.

आराखड्यावरच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी चित्र आलं. मोठं, चकचकीत, लॅमिनेशन केलेलं. समाजमंदिरात भिंतीला टेकवून ठेवलं आणि बायका बघायला जमल्या. घरं होती, आभाळ असं निळं की आमच्या खाडीवर कधी पाहिलं नाही. आणि खळ्याच्या जागी हिरवंगार गवत. फुलांचे ताटवे, बाकडी, कुत्र्याला फिरवणारी एक गोरी बाई.

"ही कोनाची सून गं?" आत्यानं विचारलं. बायका खोखो हसल्या. मग आत्यानं बोट गवतावर ठेवलं. "आनि खळा कुठं हाय?"

मी चित्र उचललं आणि वाशीला त्या चित्रवाल्यांकडे धावले. तिसऱ्या मजल्यावर एसी लावलेली खोली, दोन मशीन, माझ्याहून लहान एक ऑपरेटर. मी चित्र त्याच्यापुढे आदळलं.

"हे गवत कुणी सांगितलं तुला?"

"कोणीच नाही, ताई. रिकामी जागा दिसली की आम्ही ग्रीन टाकतो. सगळेच टाकतात. पांढरं ठेवलं तर क्लायंट बोलतो, काम अर्धवट आहे."

"ती रिकामी नाही. तिथे जवळा वाळतो."

त्यानं खरंच विचार केला. मग म्हणाला, "जवळ्याचं टेक्श्चर नाही आमच्याकडे."

"मग साधी माती टाक!"

"टाकतो ना. पण दोन्ही मशीनवर दुसरं काम चढलंय. ते उतरल्यावर तुमचं लावलं तरी चित्र पूर्ण व्हायला उद्याची संध्याकाळ होईल. टेन्शन नका घेऊ, गार्डन सगळ्यांना आवडतं."

सुनावणी सकाळी होती. मी हात जोडले. आयुष्यभर ज्यांच्यावर मुठी उगारल्या त्यांच्यापुढे नाही जोडले, त्या पोरापुढे जोडले. तो ओशाळला, पण मशीन काही ओशाळत नाही.

घरी येऊन आम्ही खाकी कागद कापला, बरोबर खळ्याच्या आकाराचा, आणि गवतावर चिकटवला. त्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं: मासळी सुकवण्याची जागा. लॅमिनेशनवर पिठाची खळ धरत नव्हती, डिंक धरत नव्हता. आत्या तळहातानं दाबून बसली होती. "बस रं बाबा, चिकटून बस," कागदाला म्हणत होती.

सकाळी सुनावणी घेणाऱ्या साहेबाच्या टेबलावर चित्र उभं केलं तेव्हाच एक कोपरा वर आला होता. पंख्याच्या वाऱ्यानं फडफडायला लागला. साहेबानं तो धरला आणि सहज, सालपट काढावं तसा, सगळा कागद ओढून काढला.

"अरे वा! हे झाकलं कशाला? एवढी सुंदर बाग!"

"साहेब, ती बाग नाही," मी म्हणाले. "ती चूक आहे. चित्रवाल्याची."

"चित्र तुमचंच ना?"

"आमचंच, पण..."

"नाय आमचा त्यो!" आत्या मागून ओरडली. "आमाला गवात नको. आमी काय गुरां हाव?"

साहेब हसला. रागावला असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं. "आजी, नातवंडं खेळतील," म्हणाला, आणि शेजारच्या बाबूला सांगितलं, "गावकऱ्यांच्या मागणीप्रमाणे उद्यान. लिहा." आमची घरं, शाळा, धक्का, सगळं 'पुढे विचार करू'मध्ये गेलं. आमच्या मागणीतलं एकच मंजूर झालं, जे आम्ही मागितलंच नव्हतं.

मी पत्रक लिहिलं, वाटलं. लोकांनी वाचून विचारलं, "पण बागेला विरोध कशाला करता?" ह्याला उत्तर एका ओळीत देता येत नाही, आणि दुसरी ओळ कुणी वाचत नाही.

पुढे खळ्याला तारेचं कुंपण पडलं. खाऱ्या जमिनीत गवत जगेना, म्हणून ट्रकनं लाल माती आणून ओतली. बायका नव्या रस्त्याच्या कडेला जवळा पसरू लागल्या. टायर जायचे, धूळ बसायची. आत्या पहिली टोपली घेऊन बाजारात गेली आणि ती तशीच भरलेली घेऊन परत आली. व्यापाऱ्यानं चिमूटभर जवळा दाताखाली घेऊन थुंकून टाकला होता: "मावशी, खडी लागते."

तिनं सुपात जवळा घेतला आणि ओटीवर निवडायला बसली. मीही बसले. खडा चिमटीत धरला की त्याच्याबरोबर जवळाही मोडत होता. संध्याकाळपर्यंत सुपात नुसता भुगा उरला, आणि खडी तशीच त्यात होती.