भोईरबाईंचा सूड

कर्जत तालुक्यात, चौकच्या पुढच्या एका गावात माझी पहिली नेमणूक झाली, तेव्हा भोईरबाईंनी मला ना माझं गाव विचारलं ना माहेरचं नाव. मधल्या सुट्टीत त्या माझ्या वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या वर्गात सगळ्यात मागं कोण बसतं?"

मी म्हटलं, "अजून सगळ्यांची नावं पाठ नाहीत, बाई."

"पुढच्यांची झाली असतील," असं म्हणून त्या निघून गेल्या.

बाई उंच, काटकुळ्या. मुलांना त्यांचा धाक वाटे. आज लोक त्यांच्याबद्दल बोलताना 'माया' हा शब्द फार वापरतात. मी त्यांच्या शेजारच्या वर्गात नोकरीची कितीतरी वर्षं काढली. मला तो शब्द पटत नाही. बाईंना राग होता. तो त्यांनी चुलीतल्या निखाऱ्यासारखा राखेखाली जपला होता, आणि सगळा स्वयंपाक त्याच्यावरच चालायचा.

त्याचं कारण त्यांनी मला एकदा, भाताच्या खाचरांमधून घरी परतताना सांगितलं. त्यांचा मोठा भाऊ गणू. लहानपणी तापात त्याचे कान गेले, पण घरात कुणाच्या ते नीट ध्यानातच आलं नाही. शाळेतले गुरुजी फळ्याकडे तोंड करून गणितं सांगायचे. गणूची पाटी कोरी राहायची. एके दिवशी गुरुजींनी त्याच्या कानशिलात इतक्या जोरात मारली की पोरगं भिंतीवर आदळलं. मग बापाला बोलावून सांगितलं, "हा दगड घरी घेऊन जा. गुरं राखायला बरा आहे." पहिलीतली धाकटी बहीण तिथेच बसून सगळं बघत होती.

"त्याच दिवशी ठरवलं, मास्तरीण व्हायचं," बाई म्हणाल्या. "शिकवायची हौस नव्हती गं मला. त्या मानसाला खोटा पाडायचा व्हता."

जी मुलं इतरांनी सोडून दिली, ती बाई मागून घ्यायच्या. दुपारी वर्गाला लेखन देऊन त्या एकेका मुलाला ओसरीवर घेऊन बसत. एका मुलाची अक्षरं उलटी पडायची. त्याच्याकडून महिनाभर वाळूत बोटानं एकच 'क' गिरवून घेतला. यमुना नावाची मुलगी जवळजवळ बहिरी होती. तिच्यासमोर बाई गुडघे टेकून बसत आणि प्रत्येक शब्द ओठांवर सावकाश घडवून दाखवत. गणूबरोबर घरी त्या हेच करत आल्या होत्या. मूल पहिली ओळ वाचायचं तेव्हा बाई पाठ थोपटत नसत. दात आवळून एवढंच म्हणत, "आनखी एक झाला." जणू शत्रूचा एक बुरूज पडला.

गणूला मारणारे ते गुरुजी पुढे बढती घेत घेत आमचे विस्तार अधिकारी झाले. तपासणीला आले तेव्हा त्यांनी बाईंना ओळखलं नाही. ओसरीवर यमुना दिसताच त्यांनी तिच्या पाठीमागून प्रश्न विचारला. ती वळलीसुद्धा नाही. साहेब हसले.

"बाई, चाळीस मुलं वाऱ्यावर सोडून एका दगडापुढे बसता? उद्यापासून हे बंद."

दगड हा शब्द ऐकून मी बाईंकडे पाहिलं. बाई मात्र शांतपणे "होय, साहेब" म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून ती मुलं सकाळी शाळेआधी त्यांच्या पडवीत बसू लागली.

"बाई, तुम्ही काहीच कशा बोलला नाहीत?" मी विचारलं.

"तिथं ऐकायला कोन व्हतं? तू नि मी. थांब, चार मानसं जमू देत."

माणसं जमली ती साहेबांच्या निरोप समारंभाला, कर्जतमध्ये. सगळ्या शाळांचे शिक्षक, पंचायतीचे सभासद, साहेबांच्या जागी येणारे नवे तरुण अधिकारी. हार, शाल, श्रीफळ झालं. कुणी साहेबांना शिस्तीचा पुतळा म्हटलं, कुणी दीपस्तंभ. मग बाई उठल्या. त्यांच्यासोबत वीटभट्टीवरून आलेला गणू होता, धुतलेल्या सदऱ्यात, आणि यमुना.

बाईंनी आवाज चढवला नाही. कोरी पाटी, कानशिलातली, भिंत, दगड, सगळं जसं घडलं तसं सांगितलं. मग यमुनेला वर्तमानपत्र वाचायला लावलं. तिनं अडखळत, जड जिभेनं, पण अख्खी बातमी वाचली. "साहेबांनी हिला पन दगडच म्हटलं व्हतं," बाई म्हणाल्या. "आता माझ्या भावाची माफी मागा."

कुणीतरी "बाई, ही वेळ नव्हे" म्हणालं. नवे अधिकारी म्हणाले, "बोलू द्या त्यांना."

साहेब घामाघूम झाले. हाराकडे बघत काहीतरी पुटपुटले.

"मान वर करा," बाई म्हणाल्या. "त्याला ऐकू येत नाय. तुमचे ओठ दिसायला पायजेत."

साहेबांनी मान वर केली. गणू त्यांच्यापुढे हातभर अंतरावर उभा होता. "माझं चुकलं," साहेब म्हणाले. "मला माफ कर."

गणू बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "समजला नाय. परत सांगा."

साहेबांनी परत सांगितलं, सावकाश, एकेक शब्द तोडून.

"परत," गणू म्हणाला.

साहेबांनी तिसऱ्यांदा सांगितलं. गणूनं मान हलवली. माफ केल्याची खूण नव्हे, पुरे झाल्याची. आणि तो दाराकडे वळला.

नव्या अधिकाऱ्यांनी महिन्याभरात मागं पडलेल्या मुलांसाठीचा बाईंचा तो तास वेळापत्रकात घातला. पुढे आसपासच्या शाळांतही तो सुरू झाला. बाई गेल्या तेव्हा शोकसभेत सगळे त्यांच्या क्षमाशील स्वभावाबद्दल बोलले. मी बोलले नाही. मला समारंभानंतरचा कर्जतचा एसटी स्टँड आठवत होता. गणू भजी खात होता आणि मी बाईंना म्हटलं होतं, "तीनदा सांगावं लागलं हो त्यांना."

"पयल्याच वेळी कळलं व्हतं त्याला," बाई म्हणाल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना खळखळून हसताना पाहिलं.