राखीव वैमानिक

हवाई दलातल्या त्या वैमानिकाची अंतराळात जाण्यासाठी निवड झाली, तेव्हा तो तिशीचा होता. मोहीम लष्करी, म्हणून गुप्त. बायकोलाही एवढंच ठाऊक, की नवरा 'प्रशिक्षणाला' जातो आणि अंगावर काळेनिळे डाग घेऊन परततो.

आठ वर्षं त्याने जिवाचं रान केलं. गरगर फिरवणाऱ्या यंत्रात बसला, बंद खोलीत महिना काढला. दोनदा यान निघालं, दोन्ही वेळा तो राखीव. सोबती त्याला 'राखीवराव' म्हणू लागले. तोही हसण्यावारी न्यायचा. तिसरं यान त्याचं होतं. अकरा आठवडे उरले असताना वरिष्ठांनी सगळ्यांना बोलावलं आणि अर्ध्या पानाचा कागद वाचून दाखवला. मोहीम रद्द. ते काम आता माणसाविना उपग्रह करणार होते. मुलकी अंतराळ खात्यात जावं, तर वयाची अट आडवी आली.

मग तो नव्यांना शिकवत राहिला. गुप्ततेचं बंधन उठलं आणि त्याने घरी सगळं सांगितलं, तेव्हा मुलगी बारा वर्षांची होती. तिच्या बाईंनी त्याला वर्गात बोलावलं.

"काका, वरून पृथ्वी कशी दिसते?" एका मुलीने विचारलं.

खरं सांगायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. "निळीशार. आणि इतकी शांतता, की आपलाच श्वास ऐकू येतो." मग त्याला थांबवेना. टाळ्या पडल्या. त्याची मुलगी मान खाली घालून बसली होती.

घरी ती एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्ही कधी गेलात?"

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा शाळेत गेला. "जाऊ द्या हो, पोरं खूश आहेत," बाई म्हणाल्या. त्याने ऐकलं नाही.

"काल मी खोटं बोललो," तो वर्गाला म्हणाला. "मी वर गेलोच नाही."

कुणी हसलं नाही. हसणं नंतर त्याच्या मुलीच्या वाट्याला आलं; पोरं तिला चिडवू लागली. महिनाभर ती त्याच्याशी धड बोलली नाही.

"खोटं तुम्ही बोललात, खरंही तुम्हीच बोललात," बायको म्हणाली. "भोगतेय ती."



एका दुपारी तो भांडी विसळत असताना मुलगी दारात येऊन उभी राहिली. "त्या गरगर फिरणाऱ्या यंत्रात छातीवर भार आला की श्वास कसा घेतात?"

त्याने हात पुसले, खुर्ची ओढली. "पोट आवळ. छोटे छोटे श्वास. छाती पुरती रिकामी होऊ द्यायची नाही."

तिसऱ्या खेपेला तिला जमलं.

"वर्गात सांगू हे?"

"सांग," तो म्हणाला. "पण बाबा नव्यांना हे शिकवतात, एवढंच सांग."