तड्यावरची काच

गल्लीत तिला सगळे धास्तीमावशी म्हणायचे आणि तिलाही त्यात काही वावगं वाटत नसे. कपडे शिवायला आलेल्या बाईचं माप घेता घेता ती सहज विचारायची, "घरचा गॅस बंद केलाय ना नक्की?" बाई बिचारी माप अर्धवट टाकून घरी पळायची. मावशीचा नवरा गवंडी. तो म्हणायचा, "आग हिच्या डोक्यात लागते आणि बंब लोकांच्या घरी जातो."

मागच्या खोलीच्या भिंतीला तडा गेला, तेव्हा मात्र तो हसला नाही. तडा छतापासून तिरका उतरून पाळण्याच्या वर हातभर अंतरावर थांबला होता. पाळण्यात सहा महिन्यांची नात. त्याच खोलीत लेकीचा पलंग आणि मावशीचं शिलाई मशीन. गवंड्याने तड्यावर काचेची अरुंद पट्टी आडवी बसवली, दोन्ही टोकांना प्लास्टरचे गोळे थापले आणि त्यावर पेन्सिलीने तारीख घातली.

"भिंत सरकली तर आधी ही फुटेल," तो म्हणाला. "ही शाबूत, म्हणजे भिंत जागेवर."

मावशीची झोप उडाली. रक्तदाब वाढला. लेक दवाखान्यात कामाला होती. तिथल्या डॉक्टरांना विचारून ती एक उपाय घेऊन आली. रोज संध्याकाळी आईने दिवसातली एक चांगली गोष्ट सांगायची.

"एकच सांग. आणि तिच्या मागे 'पण' लावायचा नाही."

"आज दूध नासलं नाही," मावशी पहिल्या दिवशी म्हणाली.

"आई, हे चांगलं झालं नाही. वाईट झालं नाही, एवढंच."

"मग माझ्याकडे एवढंच आहे, बाई."

चौथ्या दिवशी तिला काच आठवली. "काच शाबूत आहे," ती म्हणाली आणि लेकीनेही ते चालवून घेतलं. मग रोज तेच. काच शाबूत आहे, आणि शेजारणीने कढीपत्ता दिला. काच शाबूत आहे, आणि नात कुशीवर वळली. त्या एका काचेला धरून बाकीचं चांगलं हळूहळू दिसू लागलं. मावशी मशीनवर गुणगुणायला लागली. एके दिवशी तिने उरलेल्या निळ्या कापडातून नातीसाठी फ्रॉक बेतला, चांगला तीन वर्षांच्या मापाचा. इतक्या पुढचं तिने आयुष्यात काही शिवलं नव्हतं.

त्याच सुमारास मागच्या खोलीचं दार चौकटीत अडकायला लागलं. हवा दमट असेल, ती मनाशी म्हणाली. एकदा पाळण्यातल्या दुपट्यावर चिमूटभर भुकटी दिसली. ती तिने झटकली. पूर्वीच्या मावशीने घर डोक्यावर घेतलं असतं. आता तिने भिंतीकडे पाहिलं. काच लखलखीत होती. 'पण' लावायचा नाही.

अडीच महिने होत आले असतील. एका दुपारी मशीनचा स्क्रू घट्ट बसला म्हणून ती पक्कड शोधायला नवऱ्याच्या हत्यारांच्या पिशवीत हात घालत होती. तळाशी फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं होतं. सोडलं, तर काचेच्या तीन पट्ट्या, तिन्ही मधोमध फुटलेल्या, टोकांना प्लास्टर तसंच. गोळ्यांवर पुढून तीच जुनी तारीख. पाठीमागे मात्र वेगवेगळ्या, काच फुटल्याच्या. कामाची सवय. खोटं लपवतानाही त्याच्या हाताने खरी नोंद केली होती.

तिने बोटांवर दिवस मोजले. चाळीस. मग सतरा. मग नऊ. शेवटची फुटून आज पाचवा दिवस.

तो जेवायला आला तेव्हा तुकडे ताटाशेजारी मांडलेले होते. तो उभाच राहिला.

"तू बरी होत होतीस," तो म्हणाला.

"आणि भिंत?"

"मला वाटायचं, ही शेवटची. आता बसेल भिंत. दरवेळी वाटायचं."

"अहो, तुम्ही गवंडी आहात!"

"दुसऱ्याच्या घरात असतो तर पहिल्याच दिवशी खोली रिकामी करायला लावली असती." त्याने हातांकडे पाहिलं. "इथे नाही जमलं गं."

ती ओरडेल, याची तो वाट बघत राहिला. तिलाही तेच वाटत होतं. पण आयुष्यभर ज्याची धास्ती घेतली, ते समोर आलं होतं आणि त्याच्यावर करण्यासारखं काहीतरी होतं.

"आधी पाळणा उचला," ती म्हणाली.

पाळणा, पलंग, मशीन सगळं पुढच्या खोलीत आलं. तो दोन जोडीदारांना घेऊन आला आणि बाहेरून भिंतीला लाकडी टेकू दिले. टिकतील का, हे तिने विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. मागच्या खोलीचं दार त्यांनी ओढून घेतलं. ते पुरतं लागलं नाही.

संध्याकाळी लेक आली. खोलीतली दाटी आणि बापाचा चेहरा पाहून तिला सगळं विचारावं लागलं. ऐकून झाल्यावर ती आईजवळ बसली. "आज राहू दे ती रोजची चांगली गोष्ट, आई."

"का राहू दे? पाळणा पुढच्या खोलीत आहे."

लेक पुढच्या 'पण'साठी थांबली. तो आला नाही.

तेवढ्यात त्या दाराआडून बारीक आवाज झाला, मशीनची सुई मोडावी तसा. मग वाळू गळावी तशी सरसर. गवंड्याने मान खाली घातली. नात झोपेत ओठ हलवत होती.

मावशीने निळा फ्रॉक मांडीवर ओढला आणि खालची दुमड घालायला घेतली. दोन बोटं कापड जास्त आत ठेवलं. पोर उंच झाली की सोडता येईल.