'टाकलेली'ला इंग्रजीत काय म्हणतात

सप्तशृंगीचं दर्शन आटोपून वणीहून नाशिकची एसटी धरली, तेव्हा गुडघे कुरकुरत होते आणि त्यांच्याहून जास्त मी. सांगलीत उभा जन्म इंग्रजीचं व्याकरण शिकवण्यात गेला. चूक कानावर पडली की अजून जिभेला खाज सुटते.

शेजारी तिशीतली एक बाई बसली होती, नाव इंदू. पंचवटीतल्या एका हॉटेलात स्वयंपाकाच्या कामासाठी तिची मुलाखत होती आणि मॅनेजर म्हणे इंग्रजीतून विचारतो. "बॉइल अंडा, फ्राय पापड," ती घोकत होती. मला राहवेना.

"बॉइल्ड, म्हणजे उकडलेलं. फ्राइड, तळलेला. तळणारी तू, तळलेला पापड."

"म्हंजे ज्याच्यावर बेततं, त्याला 'लेलं'," ती म्हणाली.

माझ्या वर्गात इतकं सोपं कुणीच सांगितलं नव्हतं. मी खूश झाले.

दिंडोरीला गाडी थांबली. तिने डबा उघडून नागलीची (नाचणीची) भाकरी आणि ठेचा माझ्यापुढे केला. मी दुसरा घास घेतला, तशी ती हळूच म्हणाली, "बाई, टाकलेलीला काय म्हणत्यात? लग्नाचं इचारलं तर सांगाया लागंल."

टाकलेली, म्हणजे नवऱ्याने सोडून दिलेली. मला फार वाईट वाटलं. पण मास्तरीण ती मास्तरीणच. "आय वॉज लेफ्ट," मी सांगितलं.

"आय लेफ्ट," ती म्हणाली. मी दुरुस्त केलं, तरी पुन्हा तेच.

"वॉज विसरू नकोस गं!" मी चिडलेच. "अर्थ उलटा होतो. 'मी सोडलं' असा."

तिने डब्याचं झाकण लावलं. गाडी सुटली. बाहेर द्राक्षबागा मागे पडत होत्या.

"बाई, गाव टाकलेली म्हणतं. पन त्यानं नाय टाकली. मार सोसंना, मीच पोरीला घिऊन निघाले."

मी तिचा हात धरला. "मग तो वॉज गाळूनच टाक."

पंचवटीत तिच्याबरोबरच उतरले आणि हॉटेलच्या पायरीवर बसून राहिले. मुक्कामाला जायची घाई होती, पण पाय निघेना. तासाभराने ती आली.

"सोमवारपासून या म्हनले."

"आणि लग्नाचं?"

"इचारलं ना. मान वर करून सांगितलं, आय लेफ्ट."

सांगलीला परतल्यावर मैत्रिणी देवीबद्दल विचारतात. मी सांगते इंदूबद्दल. पोरांच्या वह्यांत मी हजारो चुका लाल केल्या असतील, पण एसटीत मी जे दुरुस्त करायला निघाले होते, ते वाक्य आधीच बरोबर होतं.