घरच्या माणसाचं भाडं

मला कुणी ‘घरचंच समजा हं’ म्हणालं की माझं डोकं फिरतं. म्हणणाऱ्याचा काही दोष नसतो, तो बिचारा चहाचा कप पुढे करत असतो. पण न्यूझीलंडमधल्या न्यू लिनच्या एका गॅरेजात मी सोळा महिने घरची होऊन राहिले आहे. त्यानंतर असल्या आग्रहाला मी ‘हो हो’ म्हणते आणि शक्य तितक्या लवकर निघते.

गॅरेज मागच्या अंगणातलं, घरापासून वेगळं. गाडीच्या दाराच्या जागी प्लायवूडची भिंत, एका कोपऱ्यात सिंक आणि हॉटप्लेट, दुसऱ्या कोपऱ्यात शॉवर, काँक्रीटवर पातळ कार्पेट. पुढचं मोठं घर त्या दोघांचं. तो पुण्याचा इंजिनिअर, न्यूझीलंडला येऊन बारा वर्षं झालेली, मराठी मंडळात मोठा मान. आणि त्याची बायको, जिला मी वहिनी म्हणायचे. तेव्हा मी त्याला अहो-जाहो करायचे. आता लिहिताना ‘तो’ म्हणणार आहे, तेवढी सूट मी स्वतःला दिली आहे.

दोन हजार पाचच्या आसपासची गोष्ट. माझा नवरा ‘सिडनीत नोकरी बघतो आणि तुम्हाला बोलावतो’ म्हणून गेला, आणि सहा महिन्यांत त्याचा फोन लागेनासा झाला. मी मिरजेची नर्स. पण इथलं रजिस्ट्रेशन व्हायचं होतं, म्हणून वृद्धाश्रमात केअरगिव्हरचं काम करत होते. मुलगी सात वर्षांची. एकटीच्या पगारात आमचा फ्लॅट परवडेना. मंडळात कुणीतरी या इंजिनिअरच्या कानावर घातलं आणि हा स्वतः गाडी घेऊन दारात उभा राहिला. “मला दादा म्हण,” म्हणाला. “आजपासून हे तुझं माहेर.” मी ढसाढसा रडले. त्या दिवशी तो मनापासून बोलला असेल असं मला अजूनही कधीकधी वाटतं, आणि मग माझाच मला राग येतो.

माहेराला भाडं होतं. दर शुक्रवारी, रोख, आणि बाहेरच्या दरापेक्षा कमी अजिबात नाही. गुरुवारी मी मशीनमधून पैसे काढायचे आणि शुक्रवारी लिफाफ्यात घालून वहिनीच्या हातात द्यायचे. पहिल्याच शुक्रवारी पावतीचं विचारलं तर ती खळखळून हसली. “अगं, वेडी की काय तू? घरच्यात कसली पावती!” मग आवाज खाली आणून म्हणाली, “आणि हे बघ, मंडळात भाड्याचं काही बोलू नकोस हं. लोकांना नावं ठेवायला निमित्तच हवं असतं. म्हणतील, आपल्याच माणसाकडून पैसे घेतात.”

मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, मी त्यावर कळस चढवला. कुठे राहतेस असं कुणी विचारलं की मी म्हणायचे, “दादांकडे. भाडं? छे हो! घरचीच आहे मी, एक सेंट घेत नाहीत.” वहिनीला शब्द दिला होता हे एक. पण खरं कारण वेगळंच होतं. नवऱ्यानं वाऱ्यावर सोडलेली भाडेकरीण म्हणवून घेण्यापेक्षा भावाकडे राहणारी बहीण म्हणवून घेणं बरं वाटायचं. मिरजेला आईलाही मी फोनवर तेच सांगितलं. आणि गणपतीत तर हद्द केली. आरतीनंतर कुणीतरी माझ्या हातात माईक दिला आणि मी सांगून टाकलं की परदेशात सख्खा भाऊ करणार नाही ते या माणसानं केलं, फुकट आसरा दिला. टाळ्या वाजल्या. तो मान खाली घालून बसला होता. लोकांना तो विनय वाटला, मलाही तसंच वाटलं.

वर्षभरानं वृद्धाश्रमात माझ्या आठवड्याच्या पाळ्या पाचाच्या तीन झाल्या. लिफाफा मात्र तेवढाच राहिला. माझ्याबरोबर एक सामोअन बाई कामाला होती, उंच, धिप्पाड, हसली की कॉरिडॉरभर ऐकू जायचं. तिनं मला डब्यात नुसता भात खाताना दोन-तीनदा पाहिलं आणि सरळ विचारलं, भाडं किती देतेस? मी आकडा सांगितला. तो आकडा मी या देशात पहिल्यांदा कुणापुढे उच्चारत होते. ती म्हणाली, “मग सरकारची भाड्याची मदत का घेत नाहीस? खासगी घरात राहणाऱ्यांना मिळते ती. तू रेसिडेंट आहेस, पगार कमी आहे, पोर पदरात आहे. भीक नाही ती, तुझ्यासारख्यांसाठीच ठेवलीय.”

मी त्या मदतीच्या सरकारी कचेरीत गेले. केस मॅनेजर पन्नाशीची गोरी बाई होती. ‘किया ओरा’ असा माओरी नमस्कार करून तिनं आधी माझ्या मुलीसाठी खुर्ची ओढली, मग सगळं विचारून कॉम्प्युटरवर भरलं आणि म्हणाली, बसतेस तू नियमात. मिळणारी रक्कम माझ्या भाड्याच्या निम्म्याला जवळजवळ टेकत होती. म्हणजे तीन पाळ्यांवरही आम्ही दोघी त्याच छपराखाली, मुलीच्या शाळेजवळ राहू शकत होतो. फक्त एक कागद हवा होता. घरमालकानं इतकंच लिहून सही करायची की ही बाई माझ्याकडे भाड्यानं राहते आणि भाडं अमुक इतकं देते. येताना मी डेअरीतून लेकीला आइस्क्रीम घेऊन दिलं. सही म्हणजे काय, दादा तर घरचेच!

त्यानं तो फॉर्म उभ्या उभ्याच वाचला. “ठेव, बघतो.” आठवडा गेला. वहिनीकडून येणारी भाजीची वाटी बंद झाली. दुसऱ्या आठवड्यात मी पुन्हा विचारलं तेव्हा त्यानं मला समोर बसवलं. “तुला कमी पडतंय तर मला सांगायचं. सरकारपुढे हात पसरायचे? आपल्या लोकांना शोभतं का हे?” मला इतकी लाज वाटली की ‘तुम्हाला सांगितलं तर तुम्ही भाडं कमी करणार का’ हा साधा प्रश्नही सुचला नाही. माझा चेहरा बघून तो नरमला. म्हणाला, “बरं, रडू नकोस. मी लिहितो आणि परस्पर पोस्ट करतो. तू कुठे खेपा घालतेस!” मी वाकून त्याच्या पाया पडले.

आठ दिवसांनी कचेरीतून फोन आला, या म्हणून. केस मॅनेजरनं कागद माझ्याकडे फिरवला. फॉर्म कोराच होता. त्याला हातानं लिहिलेलं एक पत्र जोडलेलं होतं. ही बाई आमच्या बहिणीसारखी आहे, कुटुंबातली म्हणून आमच्याकडे विनामूल्य राहते, आम्ही तिच्याकडून कधीही भाडं घेतलेलं नाही, आणि आमच्या समाजात हे सर्वांना ठाऊक आहे. खाली सही. मी ते पत्र तीनदा वाचलं. इंग्रजी उत्तम होतं हो त्याचं.

“खोटं कोण बोलतंय?” तिनं विचारलं. रागानं नाही, पण विचारलं. खोटी माहिती देऊन सरकारी पैसे मागितले असा ठपका बसला असता तर माझं नर्सिंगचं रजिस्ट्रेशनही अडकलं असतं. ती म्हणाली, “पावत्या? करारपत्र? नाही? मग तू भाडं देतेस हे माहीत असलेलं कुणी? एकाचं पत्र आणलंस तरी चालेल.”

मी म्हणणार होते, वाट्टेल तितकी आणते, आख्खं मंडळ आहे. आणि मग आठवलं. मंडळातल्या एकेका घराला मी स्वतः, माझ्या या तोंडानं सांगून ठेवलं होतं की दादा एक सेंट घेत नाहीत. त्याला साक्षीदार शोधायची गरजच नव्हती. ते मीच तयार करून ठेवले होते, तेही माईकवरून! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तरी एका मैत्रिणीकडे गेले. फार्मसिस्ट होती, आमच्याच भागातली, माझ्यापेक्षा थोडी मोठी. सगळं ऐकून ती म्हणाली, “अगं, पण तूच तर सांगितलंस ना, फुकट राहतेस म्हणून?” मी म्हटलं, तेव्हा खोटं बोलले. तर म्हणाली, “मग आता खरं बोलतेस कशावरून?” दोन दिवसांत मंडळभर झालं, खाल्ल्या घरचे वासे मोजणारी बाई म्हणून.

तो लॉन कापत होता तेव्हा मी त्याला गाठलं. मशीन बंद करायला लावलं. “दादा, असं का लिहिलंत?” तो शांतच होता. “हे बघ, गॅरेजात माणूस ठेवायची पालिकेची, कौन्सिलची परवानगी नाही माझ्याकडे. भाड्याचा टॅक्स मी कधी भरलेला नाही. कागदावर आलं की मी अडकलो. तुझं काय जातंय?”

“माझ्या डोक्यावरचं छप्पर जातंय!” मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर ओरडले. शेजारची कोरियन आजी कुंपणापाशी येऊन उभी राहिली.

“बहीण म्हणून राहा की. कोण काढतंय तुला? पण भाडेकरू म्हणून कागद नाचवलेस, तर मीही भाडेकरूसारखंच वागवीन.”

वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली, “ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं.” शुक्रवार होता. तासाभरानं तिनं नेहमीसारखा लिफाफा घेतला.

मी पुन्हा कचेरीत गेले. केस मॅनेजरनं माझी बँकेची स्टेटमेंटं काढायला लावली आणि पेन्सिलीनं खुणा करत बसली. दर गुरुवारी तीच रक्कम, मशीनमधून, रोख. हे अर्धं झालं, म्हणाली, उरलेलं अर्धं तुला शपथेवर लिहून द्यावं लागेल. लायब्ररीत शनिवारी एक निवृत्त म्हातारा सरकारतर्फे अशी शपथपत्रं करून घ्यायला बसायचा. मी लिहून नेलं होतं: हा माणूस माझा नातेवाईक नाही. मी त्याला भाडं देते. म्हाताऱ्यानं चष्मा वर करून विचारलं, हे सगळं खरं आहे? मी हो म्हटलं, आणि मला हुंदका आला. खरंच होतं ते. पण त्याआधी मी मनातल्या मनातसुद्धा ते तसं म्हटलेलं नव्हतं. म्हाताऱ्यानं टिश्यूचा डबा पुढे सरकवला.

कचेरीनं खात्री करायला त्याला फोन केला असणार. त्या संध्याकाळी तो गॅरेजच्या दारात आला. आवाज चढवला नाही. रविवारपर्यंत जागा मोकळी कर, एवढंच बोलला. माझी मुलगी त्याला मामा म्हणायची. ती त्याला तिचं नवं चित्र दाखवायला पुढे धावली, तर त्यानं ते न बघताच पाठ फिरवली. ते मी त्याला माफ केलेलं नाही. बाकीचं एक वेळ करीन.

केस मॅनेजर म्हणाली होती की तोंडी भाड्यानं राहणाऱ्यालाही असं काढता येत नाही, भाडेकरूंच्या तक्रारी ऐकणाऱ्या ट्रायब्युनलकडे जा. गेले असते तर जिंकलेही असते. पण पुन्हा त्या दोघांच्या समोर बसायचं, आणि त्यांच्या बाजूनं आपलीच माणसं येऊन बोलताना ऐकायचं? आपलेच दात, आपलेच ओठ. माझ्यात ती ताकद नव्हती. रविवारी सामोअन मैत्रीण नवऱ्याची व्हॅन घेऊन आली. हॉटप्लेट सोडून सगळं एका खेपेत मावलं. पुढचे तीन आठवडे आम्ही दोघी तिच्या लाउंजमध्ये गादी टाकून झोपलो. मंडळातून एक फोन आला नाही.

नवी जागा मिळाली तसं पत्ता कळवायला मी कचेरीत गेले. शाळेला सुट्टी होती, म्हणून मुलगी बरोबर होती. केस मॅनेजर मला बघून जरा घुटमळली, मग खणातून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. कचेरीचंच पाकीट होतं, माझ्या नावाचं, गॅरेजच्या पत्त्यावर पाठवलेलं. आत माझी मदत मंजूर झाल्याचं पत्र होतं. ते पाकीट तसंच, न फोडता परत आलं होतं. वर निळ्या पेननं ठळक इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं: या नावाचं कुणी इथे राहत नाही. कधीच राहत नव्हतं.

पत्रातलं वळणदार अक्षर मला पाठ झालं होतं. हे त्याचंच होतं.

“मदत मंजूर आहे,” केस मॅनेजर घाईनं म्हणाली. “नव्या पत्त्यावर चालू करते.” मी मान हलवली. आनंद व्हायला हवा होता मला. मुलीनं पाकीट स्वतःकडे ओढलं. तिला मराठी वाचता येत नव्हतं, इंग्रजी मात्र फाडफाड यायचं. तिनं शब्दाखाली बोट धरून सगळं वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि माझ्याकडे बघितलं.

“आई, बट वी डिड लिव्ह देअर,” ती म्हणाली. “डिडन्ट वी?”

“हो गं बाळा,” मी म्हटलं. “राहत होतो आपण तिथे.”