गेस्ट आणि व्हिजिटर

आमच्या बोरिवलीच्या बिल्डिंगमध्ये कुणी आलं की वॉचमन फोन करून विचारतो, "मॅडम, गेस्ट की व्हिजिटर?" दोन्हींतला फरक मीच त्याला समजावला होता. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट आहे मी, असलं समजवायला मला आवडतं. व्हिजिटर काम घेऊन येतो, दारातूनही परत जातो. गेस्टला आत घ्यायचं, बसवायचं, हवं-नको बघायचं. गेस्टचा मान मोठा. एवढं शिकवलं खरं, पण माझ्याकडे पार्सलवाल्याशिवाय कुणी येत नाही. एकटी राहते. सुट्टीच्या दिवशी कधीकधी तोंडातून शब्दही निघत नाही.

म्हणून परवा रविवारी अंधेरीला, कोळीवाड्यात, आईकडे गेले. आमच्या आळीत आलेलं माणूस सरळ आत जातं, टोपावरचं झाकण उचलतं आणि "आज काय?" विचारतं. मीही तशीच आत शिरले. आई बोंबील साफ करत बसली होती. मी विळी ओढायला वाकले, तर म्हणाली, "नको गं, कपड्यांना वास लागेल. तू बाहेर खुर्चीवर बस."

मग बशीवर ठेवून पाणी आलं, काचेच्या ग्लासात. हा ग्लास कपाटात असतो. लहानपणी त्याला हात लावला की धपाटा मिळायचा.

तेवढ्यात शेजारची काकू आली. माझ्यासमोरून आत गेली, झाकण उचललं, मीठ टाकलं का ते विचारलं. मग आईला म्हणाली, "पाहुणीला एकटीलाच बसवलंस बाहेर?"

"पाहुणी कसली? घरचीच आहे मी," मी म्हटलं.

"घरची असतीस तर आत बोंबील कापत नसतीस?" काकू हसली. आई हसली नाही.

जेवून निघाले तर आईनेही चपला घातल्या. घरचं माणूस निघालं की आमच्याकडे आतूनच "जा सांभाळून" म्हणतात. नाक्यापर्यंत सोडतात ते पाहुण्याला. मी वॉचमनला सांगितलेला तो मोठा मान आता माझ्याच वाट्याला आला होता, आणि तो मला नको होता.

नाक्यावर म्हटलं, "पुढच्या रविवारी जुना ड्रेस घालून येते. बोंबील मी कापणार."

"जमतील तुला अजून?"

"न जमायला काय झालं? तूच शिकवलंस ना."

"बघू," आई म्हणाली, आणि तिने रिक्षाला हात केला.