पाखराचा वाटा

माझा नवरा सुमायली हत्तीला भीत नव्हता. सिंहाला भीत होता, पण बेतानेच. त्याची झोप उडवली ती त्याच्याच धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने.

आमचं गाव लुजेंडा नदीच्या काठी, राखीव जंगलाच्या पोटातच आहे. सकाळी अंगणात हत्तीचे पाय उमटलेले दिसले की समजायचं, वेलावरचे भोपळे गेले. ते हत्ती बघायला लांबून गाड्या भरभरून लोक येतात. आमच्या माणसांचा जीव मात्र एका राखाडी पाखरावर. सेगो त्याचं नाव. साळुंकीहून लहान, दिसायला काही नाही. पण झाडाच्या कुठल्या ढोलीत पोळं आहे ते त्याला ठाऊक असतं, आणि ढोली फोडायची कुऱ्हाड असते माणसाकडे. माणसाने हाक घालायची, पाखराने चकचक असा आवाज करत झाडाझाडावरून पुढे जायचं. धूर करून माश्या हटवल्या की मध माणसाचा आणि मेण पाखराचं. हिरव्या पानांवर मेण मांडल्याशिवाय कुणी मागे फिरत नाही. पाखराचा वाटा खाणाऱ्याला ते पुढच्या खेपेला सिंहासमोर नेऊन उभं करतं, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय.

हाक घालण्यात सुमायलीचा हात धरणारा सगळ्या काठावर कुणी नव्हता. "ब्र्र्र-हम्!" टाळूला जीभ लावून तो अशी काही थरथर काढायचा की पाखरू जिथे असेल तिथून यायचं. मी भाळले ती त्या हाकेवरच. बाकी भाळण्यासारखं त्याच्यात फारसं नव्हतं. मग त्याचे पुढचे दात पडले आणि हाकेतली थरथर त्यांच्याबरोबर गेली. 'ब्र्र्र'च्या जागी नुसतं 'फुर्र' निघायला लागलं. पाखरं फांदीवर बसून ऐकायची, मान वाकडी करायची आणि उडून जायची. घरी आला की तो म्हणायचा, यंदा जंगलात पाखरंच कमी झालीत.

आमच्यात मुलगा बायकोच्या गावी नांदायला जातो. सुमायली थोरला भाऊ, बहिणींचा कारभारी, म्हणून तो एकटा आपल्या गावात राहिला आणि मला इथे यावं लागलं. त्याच्या धाकट्या बहिणीचा, झैनाबुचा, नवरा अमिसे मात्र रीतीप्रमाणे नदीपलीकडून आला. त्यांच्याकडे पाखराला शीळ घालून बोलावतात. आमची पाखरं शिळेला काय विचारतात! पहिल्या हंगामात, म्हणजे सुमायलीचे दात पडायच्या आधी, अमिसे दिवसभर शीळ घालत हिंडला आणि रिकामा डबा घेऊन परत आला. "अरे, पाखराला बोलावतोस की कुत्र्याला?" असं सुमायलीने चारचौघांत विचारलं. गाव हसलं. सगळ्यात मोठ्याने मी हसले.

पुढच्या हंगामात एके दुपारी आम्ही मक्याच्या पिठाचा शिमा आणि सुकी मासळी खात बसलो होतो. एवढ्यात जंगलातून हाक आली. ब्र्र्र-हम्! ती सुमायलीची हाक होती, पूर्वीची, दात असतानाची. सुमायली माझ्यासमोर बसलेला होता. त्याचा घास हातातच राहिला. हाक पुन्हा आली, आणि तिच्यामागोमाग पाखराची चकचक.

दिवस मावळायच्या आत अमिसे काठोकाठ भरलेला डबा घेऊन आला आणि त्याने तो सुमायलीच्या पायाशी ठेवला.

"दादा, पहिला डबा तुमचा."

"हाक कुणाची घातलीस?"

"तुमचीच की. गेल्या हंगामात रोज ऐकली. बसली जिभेवर."

बिचाऱ्याने आदराने सांगितलं. पण सुमायलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मध पातळ आहे, घाईने काढलाय, एवढंच तो बोलला आणि आत गेला. त्याचं दुःख मला कळत होतं. दुसऱ्याचा आवाज वरचढ निघाला असता तर त्याने कसंबसं गिळलं असतं. इथे त्याचाच आवाज दुसऱ्याच्या तोंडात जाऊन बसला होता, आणि तिथे तो जास्त शोभत होता.

त्यानंतर अमिसेच्या घरी मधाला खळ नाही. झैनाबुची चालच बदलली. ही कालपर्यंत माझ्याकडे मीठ मागायला यायची. आता दारात उभी राहून म्हणायची, "वहिनी, एखादं भांडं असेल तर दे ना. आमच्याकडची सगळी भरली." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. भांडं मी द्यायची, तेही बुडाला भोक पडलेलं शोधून.

घरात सुमायलीचं दुसरं बोलणं उरलं नाही. अमिसे चालतो कसा, अमिसेची कुऱ्हाड किती बोथट, अमिसेच्या गावचे लोक मुळातले कसे लबाड. मग तो एकदम गप्प झाला आणि रोज जंगलात जायला लागला. परत येताना मधाचा थेंब नसायचा, पण कमरेच्या फडक्यात काहीतरी बांधलेलं असायचं. ते तो परस्पर घरामागच्या, खांबांवरच्या कणगीत नेऊन ठेवायचा. एकदा मी शिडी लावून वर चढले आणि पाहिलं. मक्याच्या कणसांखाली मेणाचा हा ढीग. अमिसे पोळं काढून वळला की हा झुडपातून निघायचा आणि पानांवरचं मेण उचलून आणायचा.

मी विचारलं तर लाजला नाही. "पाखरू रुसेल त्याच्यावर," म्हणाला. "मग कळेल त्याला. हाक उसनी मिळते, पाखरू मिळत नाही."

"आणि सिंहापुढे नेलं तर? बहीण विधवा व्हायची तुझी."

"रुसेल म्हणालो मी. सिंहाचं नाव तू काढलंस."

झैनाबुची भांडी माझ्याही डोळ्यांत खुपत होती. मी शिडी काढून ठेवली.

पण करायला गेला एक आणि झालं भलतंच. पोट भरलं की पाखरूही माणसासारखंच फांदीवर डुलक्या घेतं. उपाशी पाखराला कसली झोप? अमिसेने तोंड उघडायच्या आत ते हजर व्हायचं, एका पोळ्यावरून दुसऱ्या पोळ्यावर त्याला ओढत न्यायचं. गावात बोललं जाऊ लागलं की अमिसेवर पूर्वजांची मर्जी आहे, त्याने झाडाबुडी वाहिलेलं पीठ पोचलं. जितकं मेण आमच्या कणगीत, तितका मध झैनाबुच्या घरात. हे सुमायलीच्या लक्षात आलं तेव्हा त्याने थांबायला हवं होतं. तो उठला आणि बिबी सवाबुकडे गेला.

बिबी सवाबु त्याची मावशी, घरातली सगळ्यात थोरली बाई. तिच्या शब्दापुढे कुणाचा शब्द नाही. सुमायलीने तिला सांगितलं की अमिसे पाखराचा वाटा खातो, आणि तिला जंगलात नेऊन पानं दाखवली. पानं पुसून घेतल्यासारखी कोरी. पाखराने खाल्लं तर भुगा मागे राहतो, मुंग्या लागतात. इथे काहीच नव्हतं. बिबीचा चेहरा उतरला. असल्या माणसाला ठेवून घेतलं तर पाखरू उद्या गावालाच पाठ दाखवेल. त्याला नदीपलीकडे परत धाडायचं, एकट्याला, बायको इथेच राहणार, ही आमची रीत. आणि झैनाबुला दिवस गेलेले होते.

कारभारी म्हणून बैठक आमच्याच अंगणात, आंब्याखाली बसली. झैनाबु आली ती माझ्याकडे न बघता चटईच्या टोकाला बसली. एरवीचा तिचा तोरा कुठे गेला होता कोण जाणे. मला हेच हवं होतं की काय असं मनात आलं, आणि बरं वाटेना.

बिबीने विचारलं तेव्हा अमिसेने खाली मान घालून सांगितलं, "मी दर खेपेला ठेवतो. कुठे जातं, मला माहीत नाही."

"माहीत नाही," सुमायली लोकांकडे बघत म्हणाला. "मग साक्षीला कुणाला बोलवायचं? पाखराला?"

लोक थोडे हसले. ते हसू संपतंय तोवर घरामागून चकचक ऐकू आली. काड्यापेटी हलवावी तशी. आमच्यातल्या तान्ह्या पोरालाही तो आवाज कळतो. सगळ्यांच्या माना वळल्या. आमच्या कणगीच्या छपरावर राखाडी पाखरू बसलं होतं. शेजारच्या फांदीवर उडायचं, परत छपरावर यायचं, शेपूट पसरायचं आणि ओरडायचं. पोळं लांब असलं की पाखरू पुढे पुढे जातं. पोचलं की तिथेच घुटमळतं.

"जाईल उडून," सुमायली म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

ते गेलं नाही. बिबी सवाबुने कणगीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी पदराच्या टोकाशी चाळा करत बसले. तिला जे कळायचं ते कळलं.

"पाखरू बोलावतंय," ती म्हणाली. "बोलावल्यावर उत्तर न देणारा माणूस आपल्यात जन्मला नाही. ऊठ सुमायली, हाक घाल."

"अमिसे घालेल."

"कणगी अमिसेची नाही."

तो उठला. सगळ्या गावासमोर त्याने हाक घातली. फुर्र-हम्. कुणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं. मग तो शिडी लावून वर चढला आणि फडकं भरून मेण घेऊन खाली उतरला. झैनाबु माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "चोराच्या उलट्या बोंबा, वहिनी."

अमिसे उठला, त्याने आंब्याची हिरवी पानं तोडली आणि सुमायलीच्या पायांपुढे अंथरली. सुमायलीने गुडघ्यांवर बसून मेण मांडलं, एकेक तुकडा, सावकाश, अगदी रीतीप्रमाणे. बिबीने तोवर निवाडा देऊन टाकला. अमिसे गावात राहील, आणि सुमायलीची कुऱ्हाड आजपासून तिच्या घरात राहील.

कुऱ्हाडीचं त्याने ऐकलं की नाही, मला शंका आहे. कारण पाखरू छपरावरून खाली उतरलं होतं. त्याच्या हाताजवळ, इतक्या जवळ की त्याने बोट लांब केलं असतं तर शेपटाला लागलं असतं. ते मेण टोचून खात होतं. दात पडल्यापासून त्याच्या हाकेला पाखरू आलं नव्हतं.

त्याने मावशीकडे पाहिलं नाही, बहिणीकडे नाही, माझ्याकडेही नाही. त्याने मान वर करून अमिसेकडे पाहिलं.

"बघितलंस?" तो हळूच म्हणाला. "आलं ना माझ्या हाकेला?"

"आलं, दादा," अमिसे म्हणाला, आणि माझ्या नवऱ्याने तोंड फिरवलं.